सर्व्हर ऑफिसात, म्हणून डेटा सुरक्षित?

यावल-फैजपूरकडच्या केळी व्यापाऱ्यांशी किंवा पतसंस्थावाल्यांशी ईमेलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "भाऊ, क्लाउडवर टाकला म्हणजे डेटा अमेरिकेत गेला. सर्व्हर आपल्या ऑफिसात असला म्हणजे कसा, आपल्या ताब्यात!"

ताब्यात म्हणजे नेमकं काय? खोलीची किल्ली आपल्या खिशात, एवढंच. सर्व्हरला इंटरनेट जोडलं की चोराला दारातून यावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टने 2 मार्च 2021 रोजी एक्स्चेंज या आपल्या ईमेल सर्व्हरमधल्या त्रुटींसाठी तातडीचे अपडेट काढले, तेव्हा हल्लेखोर आधीच आत शिरलेले होते. धोका होता तो 2013, 2016 आणि 2019 या आवृत्त्यांना, म्हणजे लोकांनी स्वतःच्या जागेत बसवलेल्या सर्व्हरना. क्लाउडवर भाड्याने मिळणाऱ्या एक्स्चेंज ऑनलाइनला या त्रुटींची झळ नाही, हे कंपनीने तेव्हाच जाहीर केलं. जगभरात हजारो सर्व्हर फुटले. अपडेट आले तरी ते टाकणार कोण? जळगावहून अधूनमधून येणारा मुलगा? त्यातल्या 2016 आणि 2019 या आवृत्त्यांची नियमित देखभालही 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. पण ऑफिसातला डबा दिवे लुकलुकवत चालू आहे ना, मग झालं!

आणि ते अमेरिकेचं. मायक्रोसॉफ्टचं डेटा केंद्र पुण्यात 2015 पासून आहे, ॲमेझॉनचं मुंबईत 2016 पासून, गूगलचं 2017 पासून. आपला डेटा कुठे राहणार, हे कराराआधी विचारावं आणि लेखी घ्यावं.

भाड्याची सेवा निर्धोक, हा उलटा गैरसमज. डिसेंबर 2022 मध्ये रॅकस्पेस या कंपनीची होस्टेड एक्स्चेंज सेवा खंडणीखोर रॅन्समवेअरने बसली, ती पुन्हा उभीच केली गेली नाही. आपला बॅकअप आपल्याकडे हवाच.

"नेट गेलं की क्लाउड ठप्प." ऑफिसातल्या सर्व्हरलाही नेटविना बाहेरची मेल मिळत नाही. क्लाउडवरची निदान मोबाइलवर वाचता येते.

"एकदा सर्व्हर घेतला की खर्च संपला." यूपीएसच्या बॅटऱ्या, लायसन्स आणि खानदेशातल्या मे महिन्यातला एसी कोणाच्या खिशातून?

"डेटा कंपनीकडे दिला, जबाबदारीही तिचीच." 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ती मूळ संस्थेवरच ठेवतो.

मात्र फोनचं वेगळं आहे: गेट, वजनकाटा आणि ऑफिस यांच्यात दिवसभर आतल्या आत फोन फिरत असतील, तर जागेवरचं ईपीएबीएक्सच (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) घ्या. नेट तुटलं तरी बॅटरीवर ते चालत राहतं.