कामगिरीतून खेळाची ओळख

पत्त्यांचा खेळ शिकवताना नियमांची यादी आधी सांगितली, तर ती नवख्याच्या लक्षात क्वचितच राहते. हुकूम म्हणजे काय, हे ऐकून कळत नाही. आपला एक्का कोणी हुकमाच्या सत्तीने कापला, की कळते. घरी ही उणीव शेजारी बसलेली आत्या किंवा मोठा भाऊ भरून काढतो. ऑनलाइन खेळात तसे कोणी नसते. तेथे ते काम ‘क्वेस्ट’कडे सोपवलेले असते. मराठीत तिला आपण ‘कामगिरी’ म्हणू : खेळाडूपुढे ठेवलेले नेमके उद्दिष्ट आणि ते पूर्ण केल्यावर मिळणारे बक्षीस.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. वेळापूरच्या वाड्यावस्त्यांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत परिचित असलेला पाच-तीन-दोन हा डाव पाहा. खेळाडू तीन, पाने तीस, प्रत्येकास दहा. कोणी किती हात करायचे, हे पाने वाटण्यापूर्वीच ठरलेले असते : एकाने पाच, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. पाच हात करणारा पहिली पाच पाने पाहून हुकूम बोलतो. पुढील डावात ही उद्दिष्टे फिरतात. म्हणून एकाच बैठकीत नवख्याला दोन हातांची हलकी जबाबदारी मिळते आणि पाचांची जडही. दोनच हात हवे असताना मोठे पान केव्हा राखावे आणि पाच हवे असताना इतरांचे हुकूम आधी कसे बाहेर काढावेत, हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही. हात कमी पडले, तर पुढच्या डावात ज्याचे जास्त झाले तो त्याच्याकडून पान ओढतो. चूक लगेच आणि हातातल्याच पानांत दिसते. येथेच या खेळाचे शिक्षणमूल्य आहे.

ब्लिझर्ड कंपनीने 2014 मध्ये आणलेल्या ‘हर्थस्टोन’ या ऑनलाइन खेळाने हेच तत्त्व वापरले. नवा खेळाडू प्रथम संगणकाशी काही ठरावीक लढती खेळतो आणि नियम त्या ओघात टप्प्याटप्प्याने पुढे येतात. नंतर रोजच्या कामगिऱ्या सुरू होतात. ‘अमुक दोन वर्गांपैकी एकाचा नायक घेऊन दोन डाव जिंका’ ही पूर्वीच्या कामगिऱ्यांतली चांगली म्हणावी लागेल. एकाच नायकाला चिकटून बसलेल्या खेळाडूला ती दुसऱ्या बाजूने खेळ पाहायला लावत असे. याउलट ‘प्रतिस्पर्ध्याचे चाळीस अनुचर नष्ट करा’ यात मोजणी होती, शिकवण नव्हती. खेळाडू डाव सोडून आकडा भरू लागे. शिवाय खेळून मिळवलेल्या सोन्यातून पानांची जी पाकिटे घेता येतात, तीच पैसे मोजूनही मिळतात. तेव्हा कामगिरी शिक्षकाची आहे की दुकानदाराची, हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाला असा शिक्षक मिळाला असता तर? गोल पाने एकशेवीस, रंग दहा, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची पाने. त्यांतही पाच रंगांत आकड्यांची पाने दहापासून उतरत्या क्रमाने, तर उरलेल्या पाचांत एकापासून उलट्या क्रमाने श्रेष्ठ मानली जातात. आरंभ दिवसा रामाच्या राजाकडे, रात्री कृष्णाच्या. हे सारे एकदम सांगितले, तर शिकणारा उठून जाईल. मात्र सुलट आणि उलट क्रमाचा एकेकच रंग हाती देऊन ‘दोन्ही रंगांत एकेक हात करा’ असे सांगितले, तर क्रमाची अदलाबदल दहा मिनिटांत अंगवळणी पडू शकेल. मग रंग वाढवीत न्यावेत. राम-कृष्णाचा नियम सर्वांत शेवटी सांगितला तरी चालेल, कारण त्यावाचून सरावाचा डाव अडत नाही.

स्वाध्याय : मेंढीकोटात ‘मेंढी’ म्हणजे दश्शी, आणि जोडीदारासह अधिक मेंढ्या मिळवणारा पक्ष जिंकतो. हा खेळ कधीच न खेळलेल्या व्यक्तीसाठी क्रमाने चढत जाणाऱ्या तीन कामगिऱ्या प्रत्येकी एका वाक्यात लिहा. वाक्य आज्ञार्थी असावे आणि त्यात एकाहून अधिक नवा नियम नसावा.