बैलाच्या देहांतील शक्तीचा जमाखर्च

पनवेलहून माथेरानच्या रस्त्यानें जातांना लागणारें सुकापूर आतां नव्या इमारतींनीं वेढलें आहे. तथापि रायगड जिल्ह्याच्या भातपट्ट्यांत ज्यांच्या गोठ्यांत अद्यापि बैलजोडी आहे, त्यांच्यापुढें एक जुना प्रश्न उभा आहेच. उन्हाळाभर पोटभर पेंढा खाऊनही बैल ऐन चिखलणीच्या वेळीं हडकलेला कां दिसतो? याचें उत्तर त्याच्या देहांतील जमाखर्चांत सांपडतें.

प्रथम जमेची बाजू पाहूं. पेंढ्यांतील चिवट तंतु पचविण्याचें सामर्थ्य बैलाच्या अंगीं नाहीं. त्याच्या चार कप्प्यांच्या पोटांतील पहिल्या मोठ्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. ते हे तंतु आंबवितात व त्यांतून शिरक्यांत असतें तशा जातीचीं आम्लें निघतात. हीं आम्लें रक्तांत शोषलीं जातात व तेंच बैलाचें मुख्य इंधन होय. चाऱ्यांतील बाकीची शक्ति शेणावाटे व ढेकरांतील मिथेन वायूवाटे वायां जाते.

आतां खर्च. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिये व लाप्लास यांनीं १७८३ सालीं मांडलेल्या निबंधांत, बर्फाच्या कोठींत ठेविलेल्या प्राण्याच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतें हें मोजून, श्वासोच्छ्वास हें एक प्रकारचें मंद ज्वलन आहे असें दाखविलें. खुंट्याशीं उभ्या असलेल्या बैलाचेंही हें ज्वलन थांबत नाहीं. काळीज, श्वास व सुमारें १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट उष्णता राखणें हा खर्च आधीं वळता होतो. उरेल तेवढेंच नांगरास मिळतें. तूट आली तर अंगची चरबी, आणि पुढें मांसही खर्ची पडतें. पावसांत भिजून वाऱ्यांत उभा राहिलेला बैल तर केवळ ऊब राखण्यासाठीं अधिक इंधन जाळतो.

मग पोट भरूनही तूट कां येते? भाताच्या पेंढ्यांत प्रथिनें शेंकडा अवघीं तीन-चार असतात. जंतूंना वाढण्यास नत्र लागतें; तें न मिळाल्यास पचन मंदावतें, पेंढा पोटांत तुंबून राहतो आणि जनावराकडून अधिक खाल्लें जात नाहीं. पोट भरलेलें, पण तिजोरी रिकामी, अशी ही स्थिति होते.

यावर उपाय असा. १०० किलो पेंढ्यास ४ किलो युरिया सुमारें ५० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून थराथरानें शिंपडावा, पेंढा तुडवून घट्ट दाबावा, आणि हवा न शिरेल असा २१ दिवस झांकून ठेवावा. नंतर रोज लागेल तेवढाच काढून, उग्र वास जाईपर्यंत मोकळा ठेवून, प्रथम थोडा थोडा घालावा. सहा महिन्यांआंतील वासरांस व घोड्यांस तो देऊं नये. सुटा युरिया किंवा त्याचें पाणी जनावराच्या तोंडीं लागल्यास विषबाधा होऊन तें दगावतें, ही सावधगिरी कधींही विसरूं नये. हें न साधल्यास पेंड व शेवरीचा पाला यांनींही नत्राची उणीव बरीच भरून निघते.

हा प्रयत्न चैत्र-वैशाखांतच आरंभावा. अंगावरील शिल्लक एका आठवड्यांत सांठत नाहीं, आणि जूनचें कोंवळें गवत बहुतांशीं पाणीच असतें. गोठा कोरडा राखावा. ज्यानें उन्हाळ्यांत जमा वाढविली, त्याचा बैल आषाढांत चिखलांत बसणार नाहीं.