फोनची रॅम सतत भरलेली का असते? 'क्लिअर ऑल' केल्याने खरंच फायदा होतो का?

ऑनलाइन फॉर्म अर्धा भरलाय. ओटीपी आला म्हणून तुम्ही मेसेजमध्ये गेलात, परत आलात तर अ‍ॅप पुन्हा पहिल्या पानावर! मग सगळा राग रॅमवर निघतो आणि अंगठा 'क्लिअर ऑल'वर जातो.

पण रॅम भरलेली असणं हा बिघाड नाही. स्टोरेज म्हणजे स्वयंपाकघरातला माळा आणि रॅम म्हणजे ओटा. माळ्यावरचं काही काढायचं तर वेळ जातो, म्हणून पुन्हा लागेल ते फोन ओट्यावरच ठेवतो. यालाच कॅश म्हणतात. (पैशांची नव्हे. स्पेलिंग वेगळं आहे.) ओटा रिकामा ठेवून उपयोग काय?

अडचण जागेची आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून ३-४ एमबीचा असतो. स्क्रीनवर दाखवताना मात्र तो उलगडावा लागतो. एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर तोच फोटो ४८ एमबी खातो. असे २० फोटो म्हणजे जवळपास १ जीबी! उलगडून ठेवले तर स्क्रोलिंग सुसाट, पण रॅम संपते. गुंडाळून ठेवले तर रॅम वाचते, पण दर वेळी प्रोसेसर राबतो आणि बॅटरी उतरते. म्हणून बरीच अ‍ॅप्स फोटो स्क्रीनपुरता लहान करून मगच कॅशमध्ये ठेवतात.

तरीही ओटा भरतोच. मग बाहेर कुणाला काढायचं? आयबीएमचे लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये याचं सर्वोत्तम उत्तर मांडलं: जे सगळ्यात उशिरा लागणार आहे, ते काढा. आता भविष्य कोणाला दिसतं? म्हणून सॉफ्टवेअर भूतकाळ बघतं. सगळ्यात जास्त वेळ ज्याला हात लागलेला नाही, ते आधी जातं. या पद्धतीला 'एलआरयू' म्हणतात. अँड्रॉइड यात थोडी भर घालतं. स्क्रीनवर असलेलं किंवा गाणं वाजवणारं अ‍ॅप शक्यतो शेवटी काढलं जातं.

तुमचा फॉर्म असाच उडू शकतो. मेसेज अ‍ॅपला जागा हवी होती, मागे गेलेलं अ‍ॅप बाहेर पडलं. खरं तर अ‍ॅप मागे जाताना भरलेली माहिती जपायची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. ती वापरली नसेल तर दोष रॅमपेक्षा अ‍ॅप बनवणाऱ्याचाच जास्त.

आणि 'क्लिअर ऑल'? त्याने ओट्यावरचं सगळं खाली जातं आणि पुढच्या वेळी अ‍ॅप पहिल्यापासून उघडावं लागतं. २०१६ मध्ये अ‍ॅपलचे क्रेग फेडेरिघी आणि अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर, दोघांनीही बॅटरीसाठी अ‍ॅप्स बंद करायची गरज नसल्याचं सांगितलं होतं. एखादं अ‍ॅप अडकलं असेल तर तेवढंच बंद करा.

आणि ओटीपी आला की मेसेज अ‍ॅप उघडू नका. वरून नोटिफिकेशन खाली ओढा आणि तिथेच वाचा.