वादळ आलं की हप्ता थांबतो

जिल्हा बँकेत पीककर्जाच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आली, की कर्जाचं पुनर्गठन व्हायचं. पण ती जाहीर होईस्तोवर शेतकरी सावकाराच्या दारात. म्हणून कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाचं मला अप्रूप वाटतं. २००४च्या आयव्हन वादळाने या देशाचं वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट नुकसान केलं. २०१५मध्ये कर्जरोख्यांची फेररचना करताना ग्रेनाडाने अटच घातली: मोठं वादळ आलं, तर हप्ते पुढे ढकलायचे. १ जुलै २०२४ला बेरिल वादळ कॅरियाकू बेटावर आदळलं आणि ऑगस्टमध्ये अट लागू झाली. प्रादेशिक विमा निधीतूनही चार कोटी डॉलरच्या वर रक्कम मिळाली. कर्ज माफ झालं नाही. पण छपरं घालायला पैसा हाताशी राहिला. सवलत करारातच हवी, संकटानंतरच्या अर्जात नव्हे.