युनियनविरुद्ध तक्रार : नव्वद दिवस मोजायचे कधीपासून?

"युनियनवर केस होतच नाही," असे जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत आजही छातीठोकपणे सांगितले जाते. ते खरे नाही. नोंदणीकृत कामगार संघटना कोर्टात जाऊ शकते, तसे तिलाही कोर्टात खेचता येते. औद्योगिक वादात तिला काही दिवाणी संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे, नाहीतर संपाचा हक्क कागदावरच राहील. मारहाण आणि धमकी मात्र त्या संरक्षणात बसत नाही.

महाराष्ट्राचा 1971 चा कायदा, ज्याला वकील मंडळी 'एमआरटीयू' म्हणतात, तिसऱ्या अनुसूचीत संघटनांच्या अनुचित प्रथा सांगतो. बेकायदा संपाला पाठिंबा, कामावर निघालेल्याला गेटवर अंगाने अडवणे, घेराव, मालकाच्या घरासमोर निदर्शने या त्यातल्या काही. त्यांची तक्रार कलम 28 खाली औद्योगिक न्यायालयात करायची, घटना घडल्यापासून 90 दिवसांच्या आत.

सगळा घोटाळा या 'घटना घडल्यापासून'मध्ये होतो. समजा, चटई कारखान्याच्या गेटवर 10 मार्चला एका कामगाराला धक्काबुक्की करून परत पाठवले. तो बैठकांची वाट पाहतो, युनियनला पत्रे देतो, बोलणी मे अखेरीस फिसकटतात आणि मग तो मेअखेरपासून दिवस मोजू लागतो. त्याची मुदत मात्र 8 जूनलाच संपते. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. जुन्या विषयावर नवे निवेदन दिले आणि त्याला उत्तर आले, म्हणून शिळा दावा ताजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सी. जेकब खटल्यात स्पष्ट केले आहे. गेटवर पुन्हा अडवले, तर त्या नव्या घटनेचे दिवस वेगळे.

90 दिवस उलटले की सारे संपले, हाही गैरसमजच. सबळ आणि पुरेसे कारण दाखवले तर न्यायालय उशिराची तक्रार घेऊ शकते. दवाखान्याचे कागद असतील तर ते जोडावेत. नुसते "माहीत नव्हते" म्हणणे लंगडे पडते. दिवाणी दाव्याला ही सवलत नाही. पैसे वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण 3 वर्षे असते आणि 1963 च्या मुदत कायद्यातील कलम 5 ची विलंबमाफी दाव्यांना लागूच होत नाही.

सर्वात जास्त नुकसान करणारी समजूत वेगळीच आहे : "माझी केस युनियन बघते आहे." युनियनने बडतर्फीचे प्रकरण हाती घेतले नाही, ही गोष्ट तिसऱ्या अनुसूचीत नाही. बडतर्फ कामगार याच कायद्याखाली मालकाविरुद्ध स्वतः कामगार न्यायालयात जाऊ शकतो, तिथेही 90 दिवसच. युनियन ऑफिसच्या चकरांत ते निघून जातात.

भुसावळची रेल्वे आणि वरणगावची आयुध निर्माणी केंद्राच्या अखत्यारीत येतात, म्हणून तिथल्या कामगारांना हा राज्याचा कायदा लागू नाही. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिने रद्द केलेल्या तीन कायद्यांत 1971 चा हा कायदा नाही. तरीही अर्ज करण्यापूर्वी आजची स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी.

घटनेची तारीख, वेळ आणि साक्षीदारांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा : 1987 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मागता येतो.