घराची ऑफर दिली, मालक गप्प! मधल्या काळात कोण कोणाला बांधील असतं?

समजा, पुण्यात कोथरूडमधला एक जुना टू बीएचके एका जोडप्याला आवडला. मालक ९५ लाख सांगतोय, त्यांनी ८८ लाख सांगितले. एजंट म्हणाला, "मालकांशी बोलून कळवतो." त्यानंतर चार दिवस ना फोन, ना मेसेज.

इथून डोक्यात प्रश्न सुरू होतात. सारखं विचारलं तर आपण फारच उतावीळ वाटू का? नाही विचारलं तर घर हातचं जाईल का? तोवर दुसरं घर बघितलं तर चालेल का? आणि एजंट म्हणतोय तसं थोडं टोकन टाकून जागा 'धरून' ठेवावी का?

नवीन प्रकल्पात बिल्डरकडे छापील फॉर्म असतो, महारेरा असतं. जुना फ्लॅट मालकाकडून घेताना यातलं काही नसतं. व्यवहार फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि एजंटच्या तोंडी निरोपावर चालतो. पण या मधल्या दिवसांसाठीही कायदा आहे. तो आहे १८७२ चा भारतीय करार कायदा, आणि घेणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा तो बराच सोपा आहे.

जाहिरातीत ९५ लाख लिहिलेत. तेवढे दिले की घर आपलं?

नाही. जाहिरातीतली किंमत म्हणजे मालकाची ऑफर नसते. "या, बोला" असं ते आमंत्रण असतं. ऑफर घेणारा देतो, आणि ती स्वीकारायची की नाही हे मालक ठरवतो.

यावर सुप्रीम कोर्टाचा १९५१ चा एक निकाल आहे, आणि तो एका बंगल्याबद्दलच आहे. कूर्गमधल्या मर्कारा, म्हणजे आजच्या मडिकेरीतला बंगला विकायचा होता. घेणारा कमी किमतीपासून सुरुवात करून वर येत होता. मालकाकडून तारेने उत्तर आलं की दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही. घेणाऱ्याने लगेच दहा हजार कबूल केले आणि सौदा झाला असं धरलं. बंगला मात्र दुसऱ्यालाच विकला गेला. प्रकरण कोर्टात गेलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं की "इतक्याखाली देणार नाही" असं सांगणं म्हणजे "इतक्याला देतो" असं कबूल करणं नव्हे. दहा हजार ही घेणाऱ्याची नवी ऑफर होती आणि तिला मालकाचा होकार मिळालेलाच नव्हता.

आजही एजंट सांगतो, "मालक ९० च्या खाली येणार नाहीत." याचा अर्थ ९० ला घर पक्कं झालं असा होत नाही.

मालक काहीच बोलत नाही. गप्प बसणं म्हणजे होकार?

मौनं सर्वार्थसाधनम् हे सुभाषितापुरतं ठीक आहे. करारात मौन म्हणजे होकार धरला जात नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना यासाठी १८६२ चा एक इंग्रजी खटला शिकवतात. एका काकाने पुतण्याला त्याच्या घोड्याबद्दल पत्र लिहिलं. आशय असा, की तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा या किमतीला माझा झाला असं मी समजेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. कोर्टाने ठरवलं की समोरच्याच्या गप्प बसण्यातून त्याच्यावर करार लादता येत नाही.

म्हणजे "रविवारपर्यंत नाही म्हणाला नाहीत तर डील फायनल समजतो" असा मेसेज टाकून काहीही फायनल होत नाही. उलट बाजूने मालकालाही ते लागू आहे. तो महिनाभर गप्प बसला आणि मग "तुम्ही तर ऑफर दिली होती" म्हणाला, तर त्या जुन्या ऑफरने घेणारा आपोआप अडकत नाही. ऑफरमध्ये मुदत दिली असेल तर ती संपल्यावर ऑफर संपते. मुदत दिली नसेल तर 'वाजवी वेळ' उलटल्यावर संपते. आता वाजवी म्हणजे किती दिवस, यावर वाद होऊ शकतो. म्हणूनच तारीख लिहिणं शहाणपणाचं.

मालक म्हणाला, "९२ करा." आता?

करार कायद्याचं कलम ७ सांगतं की होकार हा पूर्ण आणि विनाअट हवा. "हो, पण ९२" हा होकार नाही, ती मालकाची नवी ऑफर आहे. तिच्यासोबत घेणाऱ्याची ८८ ची ऑफर संपते. उद्या मालकाचं मन बदललं आणि तो "बरं, ८८ ला देतो" म्हणाला, तरी घेणाऱ्याला पुन्हा हो म्हणावं लागेल.

घेणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं की मालकाने ९२ म्हटल्यावर आपण "९० करा ना" म्हणालो, तर ९२ चा दरवाजाही बंद होऊ शकतो. १८४० च्या एका इंग्रजी खटल्यात हेच झालं. मालक शेत हजार पौंडांना द्यायला तयार होता. घेणाऱ्याने साडेनऊशे सांगितले, मालकाने नकार दिला. मग घेणारा हजार द्यायला तयार झाला, पण कोर्ट म्हणालं की ती ऑफर तुम्हीच घासाघीस करून संपवलीत.

फोनवर "ठीक आहे, दिलं" म्हटलं तर?

ते हसण्यावारी नेऊ नये. फोनवरच्या होकारानेही करार होऊ शकतो. यातला गाजलेला खटला आपल्या विदर्भातला आहे. १९५९ साली अहमदाबादच्या एका फर्मने खामगावच्या एका कारखान्याशी ट्रंक कॉलवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल आला नाही, दावा झाला. करार नेमका कुठे झाला, खामगावला की अहमदाबादला, यावर वाद सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. १९६५ मध्ये कोर्टाने बहुमताने ठरवलं की होकार जिथे ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबादला.

घर विकण्याचा तोंडी करारही कायद्याने अशक्य नाही. पण तो सिद्ध करणं फार अवघड असतं. किंमत किती, ताबा कधी, पार्किंग धरून की सोडून, हे सगळं पुराव्याने दाखवावं लागतं. त्यामुळे फोनवर होकार आला की त्याच दिवशी तो लिहून एकमेकांना पाठवलेला बरा.

ऑफर मागे घेता येते का?

येते. मालकाने होकार कळवण्याआधी घेणारा ऑफर कधीही मागे घेऊ शकतो. फक्त मागे घेतल्याचा निरोप मालकापर्यंत पोचायला हवा. ऑफरमध्ये रविवारची मुदत दिली असली तरी शुक्रवारी मागे घेता येते. अपवाद असा, की ती मुदत देण्यासाठी मालकाकडून काही वेगळा मोबदला घेतला असेल तर तो शब्द पाळावा लागतो.

होकार येईपर्यंत दोघंही मोकळे असतात. मालक दुसरं गिऱ्हाईक बघू शकतो, तसा घेणाराही दुसरं घर बघू शकतो. त्यात बेइमानी काही नाही. पण अनेक जण या काळात दुसरी घरं बघायचं थांबवतात, भाड्याच्या घराची नोटीस देऊन टाकतात आणि मग मालक सांगेल त्या किमतीला हो म्हणण्याची वेळ येते.

पण मालक गप्प का बसतो?

दर वेळी भाव वाढवायलाच नाही. घर वडिलांच्या नावावर असेल तर भावाबहिणींची संमती लागते, आणि त्यातलं कोणी परदेशात असतं. सोसायटीत एकाचं नाव नॉमिनी म्हणून असलं तरी नॉमिनी म्हणजे एकटा मालक नव्हे. बाकीचे वारस गप्प असतील तर विकणाराही गप्प बसतो. कधी मालकाला स्वतःसाठी दुसरं घर सापडायचं असतं. पितृपक्ष सुरू असेल तर "दसऱ्याला बोलू" असं उत्तर येतं. आणि कधी एजंटने ऑफर मालकापर्यंत पोचवलेलीच नसते, कारण त्याच्याकडे जास्त देणारं गिऱ्हाईक येण्याची शक्यता असते.

त्यामुळे "काय झालं?" एवढंच विचारण्यापेक्षा "निर्णय कोणकोण घेणार आहे आणि कधीपर्यंत?" हे विचारलं तर जास्त कळतं.

मग टोकन देऊन टाकावं का?

सगळ्यात जास्त चूक इथे होते. उत्तर येत नाही म्हणून लोक ५१ हजार किंवा लाखभर रुपये यूपीआयने पाठवतात. त्यांना वाटतं की मालक बांधला गेला. प्रत्यक्षात काय ठरलं हे लिहिलेलं नसेल तर मालक पैसे परत करून मोकळा होऊ शकतो, आणि घेणाऱ्याचे पैसे तोवर अडकलेले असतात.

दुसरी बाजूही आहे. लेखी इसारपावती झाली, त्यात "घेणाऱ्याने व्यवहार मोडल्यास इसार जप्त" असं लिहिलं आणि मग घेणारा मागे फिरला, तर ती रक्कम जाऊ शकते. २०१२ च्या एका प्रकरणात ठरलेली किंमत ७० लाख होती आणि इसार ७ लाख. खरेदीदाराकडून व्यवहार पूर्ण झाला नाही. सुप्रीम कोर्टाने विक्रेत्याचा ७ लाख जप्त करण्याचा हक्क मान्य केला, कारण ती रक्कम इसार म्हणूनच दिलेली होती.

म्हणून आधी होकार, मग इसारपावती, मग पैसे, हा क्रम मोडू नये. इसारपावतीवर सगळ्या मालकांच्या सह्या असाव्यात. किंमत, साठेखताची तारीख, ताब्याची तारीख, आणि "बँकेचं कर्ज मंजूर झालं नाही किंवा कागदपत्रांत दोष निघाला तर पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत" हे वाक्य असावं. रक्कम एजंटच्या नाही, मालकाच्या खात्यात जावी. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो.

वाट बघण्याचे दिवस कसे वापरायचे?

हे दिवस कागद तपासायला सोन्यासारखे असतात, कारण अजून पैसे गेलेले नसतात.

• महाराष्ट्राच्या नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये जाऊन त्या फ्लॅटचे आधीचे नोंदणीकृत व्यवहार, म्हणजे इंडेक्स टू, पाहता येतात.
• शेअर सर्टिफिकेटवर कोणाची नावं आहेत, मूळ करारांची साखळी पूर्ण आहे का, हे विचारावं.
• मूळ कागद कोणाकडे आहेत? "बँकेत" असं उत्तर आलं तर कर्ज किती बाकी आहे ते लेखी मागावं.
• सोसायटीची थकबाकी आणि पुनर्विकासाची चर्चा, दोन्हीची चौकशी करावी.
• स्वतःच्या बँकेकडून कर्जाची पूर्वमंजुरी घ्यावी. ज्याचे पैसे तयार, त्याला मालक लवकर उत्तर देतो.

ऑफरचा मेसेज कसा असावा?

साधा, तारखेसह, आणि शक्यतो मालक आणि एजंट दोघांनाही. उदाहरणार्थ:

"नमस्कार काका, आपला फ्लॅट आम्हाला आवडला. पार्किंग धरून ८८ लाख अशी आमची ऑफर आहे. कर्जाची पूर्वमंजुरी आमच्याकडे आहे. ही ऑफर येत्या रविवारी संध्याकाळी ७ पर्यंत आहे. आपला होकार असेल तर इसारपावती करू. लेखी साठेखत होईपर्यंत दोन्ही बाजूंवर बंधन नसेल. घरात बोलायला वेळ लागणार असेल तर तसं जरूर कळवा."

यात घाई नाही आणि लाचारीही नाही. रविवार उलटला की दुसरा मेसेज एका ओळीचा: "आमच्या ऑफरची मुदत संपली आहे, आम्ही इतर घरं बघत आहोत. आपला विचार झाला तर बोलू." त्यानंतर फोन आला तर किंमत नव्याने बोलता येते.

आणि होकार आला तर?

तरी घर अजून आपलं झालेलं नसतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ स्पष्ट सांगतं की विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत हक्क तयार होत नाही. मालकी मिळते ती मुद्रांक शुल्क भरून, नोंदणी करून झालेल्या दस्ताने. होकारानंतर करार पुढे नेण्याचा हक्क मिळतो, घर नाही. त्यामुळे भाड्याच्या घराची नोटीस, मुलांच्या शाळेचा बदल आणि मुदत ठेव मोडणं हे निर्णय मालकाच्या "हो"वर घेऊ नयेत. ते साठेखताची नोंदणी झाल्यावर घ्यावेत.