साथीच्या काळातील रुग्णालयीन प्रयोगशाळा

माती-परीक्षणासाठी नमुना घेताना शेतातील एकाच जागेची माती घेऊन भागत नाही, हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. निरनिराळ्या जागांची माती एकत्र मिसळून तिच्यातील थोडा भाग प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा, अशी रीत आहे. या रीतीशी मिळतीजुळती एक युक्ती २०२० साली कोविडच्या साथीत माणसांच्या तपासणीसाठी योजण्यात आली. साथ अचानक येते. यंत्रे, रसायने व शिकलेली माणसे मात्र एका रात्रीत वाढत नाहीत. अशा वेळी प्रयोगशाळा आपले काम कसे बदलते, हे समजून घेणे सर्वांच्याच हिताचे आहे.

तपासणीच्या सोयीचा विस्तार

भारतातील कोविडचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आढळला. त्याच्या नमुन्याची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झाली. त्यानंतर जून २०२० अखेर देशातील तपासणी-केंद्रांची संख्या एक हजाराच्या वर गेली. ही वाढ केवळ नव्या इमारती उभारून झाली नाही. हाताशी असलेली साधने नव्या कामास जुंपण्यात आली. क्षयरोगाच्या तपासणीसाठी वापरले जाणारे, गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट यंत्र या कामी आले. पशुरोगांच्या प्रयोगशाळाही मदतीस धावल्या. २००६ साली नवापूर येथील कोंबड्यांचा बर्ड फ्ल्यू ज्या भोपाळच्या प्रयोगशाळेने निश्चित केला, तिनेच २०२० साली माणसांचे नमुने तपासले.

कामाची विभागणी

रोगट झाडावर चालविलेला कोयता न धुता निरोगी झाडावर चालवू नये, हा नियम प्रयोगशाळेतही लागू पडतो. नाका-घशातून घेतलेला नमुना थंड पेटीतून येतो. तो सुरक्षित कपाटात उघडून त्यातील विषाणू रसायनाने निष्क्रिय केला जातो. नंतर त्यातील आरएनए हा अंश वेगळा काढून यंत्रात त्याच्या असंख्य प्रती तयार केल्या जातात. या प्रतींचा कणही नव्या नमुन्यात मिसळला, तर निरोगी माणूस बाधित ठरावयाचा. म्हणून रसायने मिसळणे, आरएनए काढणे व यंत्र चालविणे ही कामे स्वतंत्र खोल्यांतून करावी लागतात. एका तुकडीत आजार शिरल्यास सर्व काम ठप्प होऊ नये, यासाठी कर्मचाऱ्यांच्या निरनिराळ्या तुकड्या पाडणेही हितावह ठरते.

एकत्रित तपासणीचा हिशेब

समजा, शंभर माणसांचे नमुने आले व त्यांत एकच बाधित आहे. पाच-पाच नमुने एकत्र केल्यास वीस तपासण्या होतील. जो गट बाधित निघेल, त्यातील पाच जणांचे नमुने पुन्हा स्वतंत्र तपासावयाचे. म्हणजे शंभराऐवजी पंचवीस तपासण्यांत काम भागले. परंतु बाधित वीस असून प्रत्येक गटात एक आला, तर वीस अधिक शंभर, अशा एकशेवीस तपासण्या होतील व युक्ती अंगावर येईल. शिवाय मिश्रणात विषाणूचे प्रमाण पातळ होऊन सौम्य बाधा निसटण्याचाही संभव असतो. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्ये ही पद्धत मुख्यतः शेकडा दोनहून कमी बाधित आढळणाऱ्या भागासाठी सुचविली व पाचांहून अधिक नमुने एकत्र करू नयेत, असे सांगितले.

जुन्या रोगांचा विसर नको

टोळधाड आली म्हणून उभ्या पिकाचे पाणी तोडून चालत नाही. साथीतही रक्तातील साखर, हिमोग्लोबिन व थुंकी यांच्या तपासण्या चालू राहिल्याच पाहिजेत. २०१९ साली देशात क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली ती सुमारे १८ लाखांवर आली. रोग हटला म्हणून ही घट झाली नाही. टाळेबंदीमुळे रुग्ण केंद्रापर्यंत पोहोचले नाहीत. यंत्रे व माणसेही कोविडच्या कामात गुंतली. तपासणीवाचून राहिलेला रुग्ण घरातच खोकत राहतो व त्याच्या मुलाबाळांस धोका पोहोचतो.

आपले कर्तव्य

नमुना जसा, निष्कर्ष तसा. यास्तव नमुना देताना टाळाटाळ करू नये. नाव, पत्ता व लक्षणे सुरू झाल्याचा दिवस खरा सांगावा. अहवाल येईपर्यंत घरात वेगळे राहावे. लक्षणे असूनही अहवाल निर्दोष आला, तर डॉक्टरांस पुन्हा दाखवावे. कारण एका नमुन्यात विषाणू न सापडणे म्हणजे रोग नसणे नव्हे. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास, साथ कोणतीही असो, थुंकीची तपासणी लांबणीवर टाकू नये. प्रयोगशाळेने आपली घडी कितीही नीट बसविली, तरी योग्य वेळी पोहोचलेल्या नमुन्यावाचून तिचा उपयोग होत नाही, हे शेतकरी बंधुभगिनींनी ध्यानी ठेवावे.